मेथीच्या वाफ्यातलं शेल्टर

ओक्लाहोमा
१७ मे २००३

आसू,

पत्र परत पाठवण्याआधी पहिलं पान तरी वाच. काम निघालं म्हणून आईला आठवण झाली असं म्हणशील, तर म्हण. कामाशिवाय लिहिलेली तीन पत्रं तू न उघडता परत पाठवलीस.

गेल्या आठवड्यातला टॉर्नेडो तू तिकडे रेडमंडला टीव्हीवर पाहिला असशील. आमच्या घराला काही झालं नाही. चार मैलांवरून गेला. आम्ही दोघं बाथटबमध्ये बसलो होतो, डोक्यावर तुझ्या खोलीतली गादी घेऊन. मी बावन्न वर्षांची, वेंडेल एकसष्टचा. टॉर्नेडोला निघून जायला लागला त्याच्यापेक्षा जास्त वेळ आम्हाला टबातून उठायला लागला. वेंडेल हसत होता. मला हसू आलं नाही. शाळेमागच्या रस्त्यावरची अकरा घरं गेलीत. तुला बँड शिकवायच्या त्या बाईंचंही त्यात आलं. बाई वाचल्या.

आता काम सांगते. वेंडेलच्या अमेरिकन इंडियन ट्राइबनं, म्हणजे इथं सगळे नुसतं 'नेशन' म्हणतात त्यांनी, आपल्या लोकांच्या घरी स्टॉर्म शेल्टर, वादळात शिरायची जमिनीखालची खोली, बसवून द्यायची योजना काढली आहे. घरात नेशनचं कार्ड असलेला माणूस राहत असला पाहिजे, आणि घराच्या सगळ्या मालकांची लेखी परवानगी पाहिजे. बाबा गेल्यावर घर तुझ्या आणि माझ्या नावावर झालं. त्यात वेंडेलचं नाव नाही, आणि त्याला ते घालायचंही नाही. सोबतचा फॉर्म नीट वाच. मालकीचा त्यात एक शब्द नाही. परसात खोदायची परवानगी आहे, तेवढीच. नोटरीसमोर सही करून पाठव. परत पाठवायला तिकीट लावलेलं पाकीट घातलं आहे.

परसात कुठे खोदायचं ते त्यांचा माणूस येऊन ठरवतो.

माझ्या आणि वेंडेलच्या लग्नाच्या दिवशी कोर्टाच्या पार्किंगमध्ये तू म्हणालीस, "यू डिडन्ट इव्हन वेट टू इयर्स, आई." तेव्हा मी तुला मोजून दाखवलं, बाबांना जाऊन दोन वर्षं आणि एक महिना झाला म्हणून. तसं मोजून दाखवायला नको होतं. हे मला बरेच दिवस लिहायचं होतं.

जेवणखाण वेळेवर कर.

आई


२४ ऑगस्ट २००३

आसू,

फॉर्म मिळाला. पाकिटात चिठ्ठी असेल म्हणून दोनदा झटकून पाहिलं, नव्हती. सही मात्र तुझीच, शेवटची वेलांटी लांबवलेली, प्रगतीपुस्तकावर बाबा करायचे तशी. 'मिळाला' एवढं कळवायचं होतं. पण आता लिहायला बसलेच आहे, तर पुढचंही लिहिते.

अर्ज द्यायला आम्ही दोघं नेशनच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या मुलीनं वेंडेलचं कार्ड पाहिलं आणि मग मला विचारलं, "तुम्हीही इंडियन ना?"

मी म्हटलं, "हो."

"कुठली ट्राइब?"

मी म्हटलं, "नागपूर."

ती बिचारी यादीत शोधायला लागली. वेंडेलला इतकं हसू आलं की त्याला बाकावर बसावं लागलं. घरी येईपर्यंत तो मधूनच "नागपूर" म्हणायचा आणि हसायचा. तू गाडीत असतीस तर तूही हसली असतीस. निदान खिडकीकडे तोंड फिरवून तरी.

आता जे लिहायचं टाळत होते ते. त्यांचा माणूस येऊन परसात रंगाच्या खुणा करून गेला. पूर्वेला गॅसची लाइन आहे, मागे सेप्टिक टँक, आणि उरलेल्या भागात पिकानच्या झाडाची मुळं. एकच जागा निघाली. बाबांचा मेथीचा वाफा.

हे मला मेमध्येच माहीत होतं, आसू. वेंडेलनं टेप लावून आधीच पाहिलं होतं. तो म्हणाला, "मुलीला सांगून टाक." मी म्हटलं, सांगते. आणि तुला लिहिलं की त्यांचा माणूस येऊन ठरवेल. तुला सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस, अशी भीती होती. बाबा दर मार्चला तिथे गुडघ्यावर बसून बी टाकायचे, आणि तू पाइप धरून उभी राहायचीस. ते गेल्यावर मी दोन वर्षं बी टाकलं. नंतर राहून गेलं. हल्ली तिथे गवतच आहे.

नको असेल तर कळव. मी अर्ज मागे घेईन, कारण कुणालाही सांगणार नाही. फोन करायला नको वाटत असेल तर कोऱ्या कार्डावर 'नो' लिहून पाठव. मला पुरेल.

आई


१३ मार्च २००५

आसू,

कार्ड आलं नाही. ते मी होकार म्हणून धरलं. चुकत असेन.

शेल्टर अजून झालेलं नाही. नेशनकडून वर्षातून एकदा पत्र येतं, तुम्ही यादीत आहात म्हणून. यादी लांब आहे. म्हातारी माणसं खूप आहेत, आणि त्यातली कितीतरी ट्रेलरमध्ये राहतात. त्यांचा नंबर आधी लागतो हे बरोबरच आहे. वेंडेलही तेच म्हणतो. वारा सुटला की मात्र मला ते बरोबर वाटेनासं होतं.

वेंडेलच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. जाऊन यायला चाळीस मैल, चार तास मशीनवर, आणि घरी आल्यावर तो अंथरुणाला टेकतो ते दुसऱ्या सकाळपर्यंत. शाळेच्या लायब्ररीतली नोकरी मी अर्धवेळ करून घेतली. त्याला आत सोडते आणि पार्किंगमध्ये गाडीत बसते. आधी स्वेटर विणायची. आता नुसती बसते.

हे मी तुला माझी कीव यावी म्हणून लिहीत नाहीये. बाबा गेले तेव्हा सगळं दहा मिनिटांत संपलं. ते बागेतून आत आले, पाणी मागितलं आणि खुर्चीत बसले. त्यांची सेवा करायला मला वेळच मिळाला नाही. आता मिळतोय तर दमायला होतं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, तुलाच लिहिलं.

आई


२२ ऑक्टोबर २००६

आसू,

शेल्टर बसलं.

सकाळी आठला ते लोक पिवळं मशीन घेऊन आले आणि दुपारच्या जेवणाआधी खड्डा तयार. खाली लाल माती इतकी ओली होती की मशीनच्या दातांना चिकटून यायची. मग क्रेननं काँक्रीटची अख्खी खोली उचलून त्या खड्ड्यात सोडली. वर उतरतं लोखंडी दार, आत दोन बाकडी, छताला हवेची नळी, आणि खाली उतरायला आठ पायऱ्या. अरुंद आणि उभ्या.

पायऱ्यांचं सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागेल. जुलैमध्ये वेंडेलचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. साखरेनं जखम भरेना. मी तेव्हा लिहिलं नाही. काय लिहायचं ते सुचलं नाही.

त्यामुळे खड्डा खणायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना फोन करून म्हटलं, आमचं रद्द करा, दुसऱ्या कुणाला द्या. जमिनीवर बसवायची पोलादी खोलीही मिळते, पण तिला खालून धड काँक्रीट लागतं, आणि आपल्या गॅरेजची जमीन तडकलेली. मी फोनवर बोलत होते आणि वेंडेल व्हीलचेअर ढकलत स्वयंपाकघरात आला. त्यानं हात पुढे केला. मी फोन दिला. तो त्यांना म्हणाला, "बायको दमली आहे. बुधवारी या. गेट उघडं असेल."

फोन ठेवल्यावर मी ओरडले. तू मला एवढं ओरडताना कधी ऐकलं नसशील. म्हटलं, "तू खाली उतरणार कसा? तुला उचलून आठ पायऱ्या मी उतरवू?"

तो म्हणाला, "मी उतरणार नाहीच आहे. कार्ड माझं, शेल्टर तुझं."

"मला नकोय."

"प्रतिमा, तुझ्या घरात राहतो मी. तुझ्या नवऱ्यानं बांधलेल्या शेल्फवर माझ्या गोळ्या असतात. माझ्या लोकांकडून मला मिळालेली ही एक वस्तू आहे. ती मी तुला देतोय. घे."

मी पोळ्या लाटायला घेतल्या. तो टेबलाशी बसून लोण्याचा डबा उघडायचा प्रयत्न करत राहिला.

बाबांना मी जन्मभर 'अहो' म्हटलं, ह्याला नावानं हाक मारते, ह्याचाही तुला राग होता. त्या दिवशी मला वाटलं, नावानं हाक मारतो म्हणून माणूस काही कमी परका होत नाही. आणि मग एखाद्या दिवशी, लोण्याचा डबा हातात असताना, एकदम आपला होतो.

वाफ्याची वरची माती मी मशीन यायच्या आधी फावड्यानं काढून सहा टबांत भरून ठेवली आहे.

आई


१० मे २००७

आसू,

आम्ही दोघं जिवंत आहोत. हे आधी लिहिते.

शनिवारी दुपारी साडेचारला सायरन झाले. टीव्हीवरचा माणूस आपल्या रस्त्याचं नाव घेत होता. इथं राहून मला तीस वर्षं झाली, पण आपल्या रस्त्याचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं. वेंडेलला चेअरवरून टबात कसं घालायचं त्याची आम्ही तालीम केली होती, तसं घातलं. वर गादी. मग मीही आत शिरायला लागले.

त्यानं मला ढकललं. खरंच ढकललं. "खाली जा."

मी म्हटलं, "नाही जाणार. ह्याआधी दोनदा वॉर्निंग आली तेव्हाही गेले नाही."

तू त्याच्याशी कधी बोलली नाहीस, म्हणून सांगते, तो आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढायचं काम करत होता. तो म्हणाला, "लाइनवरचा पहिला नियम माहितीये? माणूस तारेला चिकटला तर दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. लावला की दोन प्रेतं उतरवावी लागतात. मी तीस वर्षं तो नियम पाळला, प्रतिमा. एकदा खरोखर पाळावा लागला. आता तू पाळ."

हे तो ओरडून सांगत नव्हता. वाऱ्याचा आवाज एवढा होता तरी मला सगळं ऐकू आलं.

खाली मोबाइलला रेंज येत नाही, म्हणून माझा फोन त्याच्या हातात दिला. आणि गेले.

आसू, मी गेले. दार ओढलं, तिन्ही कड्या लावल्या, बाकड्यावर बसले. ओल्या सिमेंटचा वास येत होता. रामरक्षा म्हणायला लागले तर दुसऱ्या ओळीला अडकले. डायलिसिस सेंटरच्या फोनचा नंबर तेवढा डोक्यात फिरत राहिला. मग डोक्यावरून काहीतरी गेलं. लोक म्हणतात मालगाडीसारखा आवाज होतो. मला तसा नाही वाटला. कुणीतरी घराएवढं लुगडं पिळावं तसा वाटला.

आणि हे आता तुला सांगते, वेंडेलला सांगितलेलं नाही. मला खाली बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा अशी जागा मिळाली होती जिथे तो नव्हता, त्याच्या गोळ्या नव्हत्या, त्याला उचलायचं नव्हतं. वर तो आहे हे माहीत असून मला बरं वाटलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. दोन मिनिटं असेल, दहा असेल.

दार उघडलं तेव्हा लख्ख उजेड होता, कारण पिकानचं झाड आडवं झालं होतं. गॅरेज नव्हतं. स्वयंपाकघराचं अर्धं छप्पर नव्हतं. मी अनवाणीच आत धावले. बाथरूमचं छत फुटून वर थंडी अडवायला घातलेला गुलाबी कापूस भिजून गादीवर पसरला होता, आणि टबात पाणी साचत होतं.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली.

गादीखालून तो म्हणाला, "तुझ्या चपला कुठायत? सगळीकडे काच आहे."

शेल्टरची नोंद फायर ब्रिगेडकडे असते, म्हणून ते लोक आधी परसातच आले. त्यांनी त्याला उचललं. छातीत गारठा भरला म्हणून पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होता. काल घरी आणला. घर म्हणजे तुझी खोली आणि दिवाणखाना, बाकीवर निळी ताडपत्री.

माझा फोन टबात पडून गेला तो गेलाच, पण हॉस्पिटलचा फोन होता, शेजारच्यांचा होता. टीव्हीवर गावाचं नाव सगळीकडे दाखवत होते. मी तुझ्या फोनची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. राग म्हणून लिहीत नाही. एवढंच लिहिते की आता वाट पाहणं सोडलं तर बरं, असं मी ठरवलं आहे. मला झेपत नाही.

आई


१७ फेब्रुवारी २००८

आसू,

वेंडेल एकोणीस जानेवारीला गेला. तुला माहीत असेल, असं आता वाटतं.

अकरा तारखेला त्यानं मशीन बंद करायचं ठरवलं. मला विचारलं नाही, सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आठवडा, दहा दिवस. पलंग दिवाणखान्यात लावला. नेशनकडून एक नर्स रोज यायची. तिच्याशी तो त्यांच्या भाषेत बोलायचा. ती भाषा त्याला एवढी येते हे मला सात वर्षांत कळलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी त्याचं तोंड पुसत होते, तेव्हा तो म्हणाला, "मी एक प्रॉमिस मोडणार आहे. आता मला कोण पकडणार?"

आणि मग त्यानं सांगितलं.

टॉर्नेडोच्या दिवशी मी खाली गेल्यावर माझा फोन वाजला. नंबर मी कधीतरी एका पत्राखाली लिहिला होता. तू इंग्रजीत विचारलंस, "आई आहे का?" तो म्हणाला, "ती जमिनीखाली आहे. सेफ आहे." तू विचारलंस, "मग तुझ्याबरोबर कोण आहे?" तो म्हणाला, "कुणी नाही." मग म्हणालीस, "ओके. आय ॲम नॉट हँगिंग अप."

छत पडून फोन हातातून सुटेपर्यंत तू लाइनवर होतीस.

दुसऱ्या दिवशी त्यानं नर्सच्या फोनवरून तुला कळवलं, दोघंही ठीक आहेत म्हणून. तेव्हा तू त्याच्याकडून वचन घेतलंस, आईला सांगायचं नाही. आणि त्यानंतर दर मंगळवारी दुपारी तू डायलिसिस सेंटरवर फोन करायचीस. तो मशीनवर पडून तुझ्याशी बोलायचा. मी बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसलेली असायची. आठ महिने.

मला काय वाटलं ते खरं सांगू? आधी राग आला. त्याचं तोंड अर्धवट पुसलेलं, आणि मी पाण्याचं भांडं घेऊन उभी. म्हटलं, "तुझ्याशी बोलते आणि माझ्याशी नाही?"

तो म्हणाला, "तुझ्याशी बोलायचं तर तिला आधी काहीतरी म्हणावं लागेल. माझ्याशी नुसतं बोलता येतं."

"काय बोलायचात?"

"ते तिचं आहे. तिला विचार." मग डोळे मिटून म्हणाला, "दर वेळी तुझी चौकशी करते. कार कशी आहे, हिटर चालतो का, बसून बसून तुझी पाठ दुखते का."

डिसेंबरमध्ये त्यानं हट्टानं मला गाडीत ठेवायला एक उशी आणायला लावली होती, पाठीला टेकायला. मला वाटलं होतं त्याला सुचलं.

त्याला त्याच्या आईशेजारी पुरलं, त्यांच्या चर्चमागे. त्याची बहीण, दोन भाचे आणि नेशनमधली पुष्कळ माणसं आली. सगळ्यांनी घरून करून काहीतरी आणलं. मी साबुदाण्याची खिचडी नेली, कारण हात चालवायला तेवढीच सुचली. ती आधी संपली.

स्वयंपाकघराचं छप्पर झालं आहे. गॅरेज मी बांधणार नाही. परसात शेल्टरचं दार आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी जमीन मोकळी आहे. दुपारी मी तिथं खुर्ची टाकून बसते. खाली एकदाही उतरले नाही. उतरेन. वसंत आला की उतरावंच लागेल.

मागच्या मेमध्ये तुला जे लिहिलं, खाली बरं वाटलं म्हणून, ते तू त्याला सांगितलंस का? विचारते, कारण शेवटच्या दिवशी, बोलणं बंद व्हायच्या आधी, तो मला म्हणाला, "तिथं खाली तुला थोडी विश्रांती मिळाली, मला आवडलं." तेव्हा मी त्याच्या हातावर डोकं ठेवून रडले. सांगितलं असशील तर बरं केलंस. मला कधी जमलं नसतं.

तुला आधी काही म्हणावं लागणार नाही. मीही म्हणणार नाही. तिकडे पाऊस आहे का, जेवलीस का, एवढंच विचारीन, आणि तेही नको असलं तर विचारणार नाही. नवा नंबर खाली लिहिला आहे.

आता मंगळवारी दुपारी मला कुठेच जायचं नसतं.

आई